नुसता शब्द नको, अख्खं वाक्य पाठवा

‘रनला मराठीत काय म्हणायचं, तेवढंच सांगा ना,’ असा फोन आम्हा भाषांतरकारांकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. सांगायला आमची ना नाही, पण कुठला ‘रन’ ते कळायला हवं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने ही नोंद नव्याने लिहिली, तेव्हा या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. त्याआधी, १९८९ च्या आवृत्तीत, सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती.

आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, घाटात गाडी लागते, झाडाला आंबे लागतात आणि बारावीचा निकालही लागतो. कुणी नुसतं ‘लागणे’ लिहून त्याचं इंग्रजी मागितलं, तर तुम्हीही आधी विचाराल, काय लागलं?

पंपाचे स्टार्टर पॅनेल बनवणाऱ्या एका ग्राहकाने आम्हाला एक्सेलमध्ये नुसत्या शब्दांची यादी पाठवली होती. त्यांना घाई होती आणि आम्हीही विचारलं नाही. ‘ड्राय रन’समोर आम्ही ‘पूर्वचाचणी’ लिहिलं. ऑफिसच्या कागदांत त्याचा अर्थ तोच असतो. पॅनेलवर मात्र तो दिवा लागतो बोअरचं पाणी संपल्यावर. तिथे ‘पाणी नाही, मोटर बंद’ असं हवं होतं. ‘पूर्वचाचणी’ वाचून शेतकरी पुन्हा पुन्हा बटण दाबणार आणि कोरडा पंप चालून त्याचे सील, बुश जाणार. छापलेले सगळे स्टिकर टाकून द्यावे लागले. त्याच यादीत नुसतं ‘रन’ही होतं. ते बटणावर असेल तर ‘चालू करा’, दिव्याखाली असेल तर ‘चालू आहे’. पॅनेलचा मोबाइलवर काढलेला एक फोटो असता, तर दोन्ही शब्दांचा नेमका अर्थ लगेच कळला असता.

रुग्णाला ताप असतो, साडीचा रंग जातो, मधुमेह घराण्यात असतो, संस्था शाळा चालवते. इंग्रजीत या सगळ्या जागी ‘रन’ हेच क्रियापद येऊ शकतं. सुतारकामाच्या कोटेशनमधलं ‘रनिंग फूट’ मात्र आम्ही तसंच ठेवतो, कारण कारागीर तेच बोलतो.

यादी आली की आम्ही प्रश्न विचारतो, त्यामुळे काम लांबतं, अशी काही ग्राहकांची तक्रार असते. पण ही विचारपूस दहा मिनिटांची असते आणि तिचे पैसे आम्ही घेत नाही. वाक्य किंवा फोटो सोबत असेल, तर पुढची दुरुस्तीही मोफत करून देतो. नुसत्या शब्दांवर काम करायचा आग्रह असेल, तर दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच सांगतो.

मशीनची लेबलं असतील तर छापखान्यात देण्याआधी एक प्रूफ आमच्याकडे आणा. मजकूर मशीनवर धरून, कुठल्या बटणापाशी काय येतं ते तुमच्यासोबत बसून तपासून देऊ. याचेही वेगळे पैसे नाहीत.