आधी बॅटरी विझवा

पाऊस धरला की गोव्यातल्या आमच्या वाळपईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. काळोख्या कपारीत हिरवंसोनेरी झगमगणारं शेवाळ आणि खाली ओळ, 'म्हादईच्या रानातला चमत्कार'. फोटो खरा, पत्ता खोटा. ते आहे शिस्टोस्टेगा पेन्नाटा, थंड मुलखातलं दुर्मीळ मॉस. जपानमध्ये होक्काइदोच्या एका गुहेत ते जपून ठेवलंय. म्हादईत पावसाळी रात्री उजळते ती मायसिना गटातली इवलीशी अळंबी. एकाचा उजेड उसना, दुसरीचा घरचा.

मला स्वतःला मॉसची करामत जास्त आवडते. बीजाणू रुजला की आधी हिरव्या धाग्यांचं जाळं पसरतं. त्यातल्या काही पेशी फुगून भिंग बनतात, समोरून गोल आणि मागे निमुळत्या. गुहेच्या तोंडातून झिरपलेला उजेड हे भिंग मागच्या टोकाशी गोळा करतं, आणि हरितलवकं नेमकी तिथेच दाटीवाटीने बसलेली असतात. तांबडा-निळा प्रकाश ती शोषतात. उरलेला हिरवा निमुळत्या भिंतींवर पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन (शाळेत शिकलात तेच) आल्या वाटेने माघारी फिरतो. म्हणून उजेडाकडे पाठ करून पाहिलं तरच चकाकी दिसते. दोन पावलं बाजूला सरकलात की नुसती माती.

अळंबीकडे भिंग नाही, हरितद्रव्यही नाही. ती कॅफेइक आम्लापासून हिस्पिडिन नावाचा पदार्थ करते, त्याचं ३-हायड्रॉक्सिहिस्पिडिन, मग ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन जोडतं आणि सुमारे ५२० ते ५३० नॅनोमीटरचा थंड हिरवा प्रकाश बाहेर पडतो. उरलेल्या पदार्थाचं पुन्हा कॅफेइक आम्ल! ही साखळी २०१८ मध्ये जनुकांसकट उलगडली. पण हवा लागते हे सतराव्या शतकात रॉबर्ट बॉईलने दाखवलं होतं: अशाच बुरशीने चमकणारं कुजकं लाकूड काचपात्रात ठेवून हवा काढली तर उजेड मावळला, हवा सोडली तर परतला.

गेल्या जुलैत सत्तरी तालुक्यात एका ओहोळाकाठी आम्ही बॅटऱ्या विझवून बसलो. पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग पायाशी एक फिकट, राखाडी-हिरवी रेघ. थेट पाहिली की पुसट, डोळ्याच्या कडेने पाहिली की ठळक. अळंबीच्या फोटोंतला भडक हिरवा रंग कॅमेऱ्याचा, अर्धा मिनिट उघडा ठेवल्याचा. सोबतचे काका म्हणाले, "लहानपणी ह्याला देवचाराची, रानातल्या भुताची, चूड समजून आम्ही पळायचो." ते वाकले, त्या चमकत्या काडीचा वास घेतला आणि हसले, "देवचाराला अळम्यांचा वास येतो होय!"

मी बॅटरी लावली. ओली, तपकिरी काटकी.