विहिरीतलं पाणी आणि जमिनीतलं पाणी

सोलापुरात पाण्याचा नमुना घ्यायचा म्हटलं की जवळची बोअर चालू करायची, बाटली विसळून भरायची आणि प्रयोगशाळेत नेऊन द्यायची, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. जमिनीत रसायन मुरल्याचा संशय असेल तेव्हा मात्र अशी बाटली फसवते. ती का फसवते हे उमगायला जगाला बराच काळ लागला. आजच्या पद्धतीतले बरेचसे नियम त्या काळातल्या चुकांतूनच आलेत.

इथली पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे पूर्व भागात हातमाग आणि मग यंत्रमाग वाढले, त्यांच्यासोबत सूत रंगवण्याचं कामही वाढलं. पण जमिनीखालच्या पाण्याबद्दल आपण विचारलेला प्रश्न वेगळाच होता: पाणी किती आणि किती खोल? १९७२ च्या दुष्काळाने तो प्रश्न जिवावरचा केला आणि गावोगाव बोअर घेतल्या गेल्या. त्याच्या थोडं आधी, १९६९ मध्ये, राज्याने जलप्रदूषणाचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. त्यांची नजर मुख्यतः ओढ्या-नद्यांत सोडलेल्या सांडपाण्यावर होती. जे मुरतं ते कुणाला दिसत नव्हतं.

ते दिसलं १९७८ मध्ये, अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल वस्तीत. जुन्या खंदकात पुरलेला रासायनिक कचरा घरांच्या तळघरांत झिरपला आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. १९८० मध्ये तिथे अशा जागांच्या सफाईचा कायदा झाला. खर्च कुणी द्यायचा हा वाद कोर्टात जाऊ लागला, तशी बाटलीही पुरावा ठरली: कुणी भरली, कुणाच्या हातून गेली, बर्फात होती का, याची साखळी कागदावर हवी.

तपासणीसाठी खणलेल्या विहिरीच्या नळीत दिवसेंदिवस उभं राहिलेलं पाणी म्हणजे भोवतालच्या थरातलं पाणी नव्हे, हे तोवर कळलेलं होतं. म्हणून नळीतलं तीन ते पाच पट पाणी उपसून मग नमुना घेण्याची रीत रुळली. मात्र जोराने उपसलं की तळचा गाळ ढवळतो. त्या गाळाला चिकटलेले धातू, बाटलीत टिकावासाठी घातलेल्या आम्लात सुटतात आणि अहवालात पाण्याच्या नावावर चढतात. यावर १९९६ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने संथ उपशाची पद्धत मांडली: सहसा मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नाही, पातळी जवळजवळ खाली न जाता, आणि सामू (पीएच), वाहकता, प्राणवायू, गढूळपणा यांची लागोपाठ तीन मोजमापं स्थिरावल्यावरच बाटली धरायची. मला ही सगळ्या पद्धतीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. किती उपसायचं हे आकड्याने न ठरवता पाण्यालाच विचारायचं.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या बिछडी गावाचा निकाल दिला. तिथे रंगनिर्मितीसाठी लागणाऱ्या एच-आम्लाचा गाळ उघड्यावर पडला होता आणि विहिरींचं पाणी काळपट लाल झालं होतं. सोलापुरात रंग वापरले जातात, एच-आम्ल बनवण्याची ही गोष्ट इथली नव्हे. तरी रंगाईच्या गावाने ती लक्षात ठेवावी.

मातीच्या बाबतीत आपल्या शेतकऱ्याची सवयच आडवी येते. सुपीकता तपासताना शेतात ठिकठिकाणी खड्डे घेऊन, माती एकत्र करून, चार भाग पाडत ती कमी करतात. त्या कामाला हे उत्तम आहे. दूषित जागेवर मात्र मिसळल्याने एकाच कोपऱ्यातलं विष बाकीच्या चांगल्या मातीत विरून जातं, आणि उघड्यावर कालवताना उडून जाणारी द्रव्यं हवेत निघून जातात. म्हणून थर वेगळे, जागा वेगळ्या, आणि अशा द्रव्यांसाठी मातीचा छोटा गोळा लगेच घट्ट बंद. शिवाय उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. भेगेतून उतरलेलं द्रव वरच्या मातीला फारसं न शिवता थेट मुरमात जातं. तेव्हा वरची माती स्वच्छ निघाली म्हणून निर्धास्त होता येत नाही.

मुरमाखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. आपल्या बोअरला सहसा मुरमापुरतीच केसिंग असते, खाली उघडं भोक. त्यात खडकाच्या अनेक सांध्यांतलं पाणी एकत्र येतं आणि दूषित थरातलं पाणी पातळ होऊन जातं. तपासणीच्या विहिरीत चिरा पाडलेली नळी एकाच थरासमोर ठेवतात, भोवती बारीक खडी भरतात आणि वरून बेंटोनाइटचा बूच मारतात. (बेंटोनाइट काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या खनिजाच्याच कुळातला, ओला झाला की फुगून फट बुजवतो.)

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यामुळे संशयित जागा शोधून त्यांची तपासणी करण्याचं काम आता नियमात बसलं आहे.

त्यासाठी सुरुवातीला नवं भोकही लागत नाही. मुरमातलं पाणी दाखवणारे तीन जुने आड, एका रेषेत नसलेले, सापडले आणि त्यांच्या काठांची उंची मोजून घेतली, की एकाच दिवशी पातळ्या मोजून पाणी कुठून कुठे वाहतं ते काढता येतं. मग नमुने वरच्या, स्वच्छ बाजूने सुरू करून खालच्या बाजूला जायचं, म्हणजे दोरी-पंपावरून घाण पुढे जात नाही. शहरातले असे आड राडारोडा टाकून बुजवले जातात. बुजवण्याआधी निदान त्यांची जागा, खोली आणि पाण्याची पातळी कुणीतरी वहीत टिपून ठेवावी.