रेल्वे आरक्षणाचे टप्प्याटप्प्याने संगणकीकरण

भारतीय रेल्वेच्या आरक्षित तिकिटांचा कारभार १९८५ ते १९९९ या काळात एकेका शहरात संगणकावर नेला गेला. अनेक ठिकाणी चालणारी मोठी यंत्रणा काम न थांबवता कशी बदलता येते, याचे भारतातील हे फार मोलाचे उदाहरण आहे.

त्यापूर्वी प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेची नोंद रजिस्टरात हाताने होई. रजिस्टर ज्या खिडकीवर, त्याच खिडकीवर त्या गाडीचे तिकीट मिळे. त्यामुळे एका रांगेत ताटकळत उभे राहूनही जागा नाही म्हटल्यावर दुसऱ्या गाडीसाठी दुसरी रांग धरावी लागे. परतीच्या आरक्षणासाठी गाडी सुटण्याच्या स्थानकाला तार जाई आणि उत्तराची वाट पाहावी लागे.

नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्लीत प्रायोगिक सुरुवात झाली. ‘इम्प्रेस’ नावाची ही प्रणाली सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने तयार केली होती. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट, हा तिचा खरा लाभ. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथे अशीच केंद्रे उभी राहिली. वर्ग, कोटे, सवलती, आरएसी, प्रतीक्षा यादी असे रेल्वेचे नियम अतिशय गुंतागुंतीचे असतात. ते आधी एका शहरात पारखून घेता आले, हा या क्रमाचा सर्वांत मोठा फायदा म्हटला पाहिजे. देशभर एकाच दिवशी बदल केला असता तर एखाद्या चुकीचा फटका सगळीकडेच बसला असता.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागली. पाचही केंद्रे आपापल्या जागी उत्तम चालत, पण प्रत्येकाचा माहितीसाठा वेगळा होता. एका केंद्राकडच्या जागा दुसऱ्या केंद्राच्या खिडकीला थेट दिसत नसत. खिडक्यांवरच्या रांगा आटोक्यात आल्या, तरी परतीच्या प्रवासाची मूळ अडचण पुरती सुटली नव्हती. सुटे भाग जोडणे हा अशा प्रकल्पाचा शेवटचा किरकोळ टप्पा नसतो. ते स्वतंत्र आणि बहुधा अधिक अवघड काम असते. रेल्वेने १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘क्रिस’ या संस्थेने त्यासाठी ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली रचली. ती १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला बसवली आणि मग इतर केंद्रांत नेली. एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रे जोडली गेली.

या रचनेत सगळी माहिती एका जागी गोळा केलेली नाही. गाड्यांची नोंद त्या त्या केंद्राकडेच राहते. पुण्यातल्या खिडकीवर हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मागितले, तर मागणी कोलकात्याच्या केंद्राकडे जाते आणि तिथली जागा मिळते. आधीची केंद्रे मोडून टाकावी लागली नाहीत, ती याचमुळे.

या जोडलेल्या जाळ्यावरच ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीची इंटरनेट आरक्षण सेवा सुरू झाली. सुरुवातीला पैसे ऑनलाइन भरले तरी छापील तिकीट कुरिअरने घरी येई. ई-तिकीट २००५ मध्ये आले.