पाव आणि पाव टक्का

७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहा टक्क्यांवर आणला. 'व्याजदरात पाव टक्का कपात' ही बातमी दिवसभर फिरली आणि संध्याकाळी मामीचा फोन आला. "अरे, व्याज पाव कमी झालं म्हणतायत. मग आता कर्जाचा हप्ता पाऊणच भरायचा ना?" वाण्याच्या दुकानात पावकिलो, अर्धा किलोचा हिशेब मामी तोंडी करते. तिचा पाव अगदी पक्का आहे. फक्त बातमीतला 'टक्का' तिच्यापर्यंत पोचताना गळला होता.

पाव म्हणजे चौथा हिस्सा: १/४, दशांशात ०.२५, शेकड्यात २५ टक्के. पाव टक्का म्हणजे एका टक्क्याचा चौथा हिस्सा. टक्का हा स्वतःच शंभरावा भाग, म्हणून त्याचा पाव झाला १/४००, दशांशात ०.००२५. चारशे रुपयांतले पाव काढले तर शंभर रुपये हाती येतात, पाव टक्का काढला तर एकच रुपया.

गोंधळ होतो तो लिहिण्यामुळे. गणिताच्या वहीत पाव ०.२५ असा लिहितात आणि बँकेच्या कागदावर पाव टक्का ०.२५% असा. आकडा तोच, पुढे एक बारकं चिन्ह. ते चिन्ह म्हणजे 'भागिले शंभर' अशी आज्ञा आहे, आणि ती वाचायची राहिली की हिशेब शंभर पटीने चुकतो. कॉम्प्युटरवरही हेच होतं. पाव टक्का हवा म्हणून रिकाम्या चौकटीत ०.२५ टाकलं आणि मग टक्क्याचं बटण दाबलं, तर समोर २५% येतं. मशीनने टाकलेला आकडा 'पाव' असाच वाचलेला असतो.

अदलाबदलीची रीत छोटी आहे. टक्क्याचं चिन्ह काढायचं असेल तर दशांश चिन्ह दोन घरं डावीकडे न्यायचं, लावायचं असेल तर दोन घरं उजवीकडे. अपूर्णांक असेल तर आधी अंशाला छेदाने भागायचं. ३/८ म्हणजे ०.३७५, म्हणजे साडेसदतीस टक्के. एक तृतीयांशाला मात्र मी शेवटपर्यंत १/३ च ठेवतो, कारण ३३.३३ टक्के तीनदा घेतले तरी ९९.९९ च होतात.

पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेल्या पिढीला हे सारं लवकर उमगतं, पण सव्वाशी तीही अडखळते. सव्वापट म्हणजे १.२५, १२५ टक्के, मूळ रकमेहून जास्त. सव्वा टक्का म्हणजे ०.०१२५, मूळ रकमेचा ऐंशीवा भाग.

आता मामीचा हप्ता. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के व्याज असेल तर महिन्याचा हप्ता २६,०३५ रुपयांच्या आसपास बसतो. दर सव्वाआठ झाला की तो २५,५६२ च्या घरात येतो. म्हणजे महिन्याला पावणेपाचशेच्या आत बचत. हप्ताच पावाने घटला असता तर साडेसहा हजार वाचले असते!

बातमीतही एक बारकावा राहून जातो. साडेसहावरून सव्वासहा ही पाव टक्क्याची वजाबाकी आहे. पण मूळच्या साडेसहाच्या मानाने ती २६ वा भाग, म्हणजे जवळजवळ ३.८५ टक्के घट भरते. दोन्ही विधानं खरी, म्हणून कशाच्या मानाने मोजलं ते सांगायलाच हवं. हा घोळ टळावा म्हणून बँकवाले '२५ बेसिस पॉइंट' म्हणतात. एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग.

मामीला यातलं निम्मंच सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे शंभराला चार आणे. असं सांग की सरळ!"