क्षयाच्या जंतूला पडलेला वेढा

मॉन्टू चाचणीत हाताच्या कातडीतच, अगदी वरच्या वर, क्षयाच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी ती जागा तपासतात. शरीराची या जंतूशी आधी ओळख झालेली असेल तर तिथे बोटाला लागेल असा टणक फुगवटा येतो. नुसत्या लालीला महत्त्व नाही, मोजायचा तो टणकपणा. तो म्हणजे तिथे धावून आलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी. दोन दिवस थांबावं लागतं, कारण क्षयाविरुद्धची मुख्य लढाई रक्तात तयार फिरणाऱ्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) नाही. इथे पेशींनाच जातीने यावं लागतं.

हा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगासमोर आणला. त्याच्या अंगावर मेणचट आवरण असतं. रुग्णाच्या खोकल्यातून हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर बसून तो फुप्फुसाच्या वायुकोशात उतरतो. तिथल्या पहारेकरी पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्याला लगेच गिळतात. एरवी गिळलेल्या जंतूची पिशवी पेशीतल्या पाचक रसांच्या पिशवीला जाऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. क्षयाचा जंतू नेमकं हे मिलनच रोखून धरतो. ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो.

त्याला घाईही नसते. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. याला साधारण २० तास लागतात. त्याची खबर लसिका ग्रंथींपर्यंत पोचून टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, सज्ज व्हायला काही आठवडे जातात. त्या आल्या की इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक निरोप सोडतात, आणि सुस्तावलेल्या मॅक्रोफेजमध्ये मारण्याची ताकद येते.

तरीही सगळे जंतू मरतातच असं नाही. मग शरीर वेढा घालतं. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ, ग्रॅन्युलोमा, ओळखू येते: मध्यभागी मेलेल्या पेशींचा चीजसारखा लगदा, भोवती एकमेकींना चिकटलेल्या मॅक्रोफेज, त्यांतल्या काही एकत्र होऊन झालेल्या अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी आणि बाहेर टी पेशींचं कडं. हा तुरुंग आहे, आणि जंतूसाठी आडोसाही. आत त्याला प्राणवायू कमी मिळतो, पण औषधंही तिथे जेमतेम पोचतात.

हा वेढा सतत राखावा लागतो. टीएनएफ हे त्याचं एक महत्त्वाचं रसायन. संधिवाताच्या काही औषधांनी ते अडवलं जातं आणि जुना, निपचित पडलेला क्षय उसळू शकतो. म्हणून ती औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. एचआयव्हीत टी पेशी घटतात आणि तोच धोका कितीतरी पटींनी वाढतो. एरवी जंतू शरीरात शिरलेल्या बहुसंख्य लोकांना, शंभरातल्या नव्वदांहून अधिकांना, जन्मभर आजार होत नाही.

‘प्रतिकारशक्ती कमी, म्हणून क्षय’ हे वाक्य मात्र मला अर्धंच वाटतं. फुप्फुसात पोकळी पडते तेव्हा ऊती विरघळवणारी विकरं (एन्झाइम) बहुतांशी आपल्याच पेशींची असतात. ती पोकळी श्वासनलिकेत फुटली की जंतू खोकल्यावाटे बाहेर पडतात, पुढच्या माणसापर्यंत पोचतात. उलट, एचआयव्हीने टी पेशी फार घटलेल्या रुग्णाच्या एक्स-रेत अशी पोकळी अनेकदा दिसतच नाही. त्याच रुग्णाला एचआयव्हीची औषधं सुरू केली, टी पेशी परतू लागल्या, की कधी कधी ताप चढतो, गाठी सुजतात. जंतू वाढलेले नसतात. परतलेलं सैन्य तुटून पडलेलं असतं.

म्हणूनच मेंदूच्या आवरणाचा क्षय झाला की डॉक्टर जंतू मारणाऱ्या औषधांबरोबर स्टेरॉइडही देतात. कवटीच्या आत सुजेला जागा नसते, आणि तिथे जंतूइतकंच आपल्याच पेशींनाही आवरावं लागतं.