दुचाकीवरील प्रवासपिशव्या

मोटारसायकलीवरून तंबू व अंथरूण-पांघरूण सोबत घेऊन केलेल्या दोन-चार मुक्कामांच्या प्रवासात सामान वाहण्यासाठी ज्या पिशव्या, पेट्या आणि बांधणीची साधने वापरतात, त्यांना मिळून ही संज्ञा लावता येते. प्रस्तुत नोंदीत एका माणसाच्या, साधारणपणे १५ किग्रॅ.पर्यंतच्या सामानाचा विचार केला असून उदाहरणे बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी या सीमाभागातील रस्त्यांवरची घेतली आहेत.

संज्ञा : या साधनांना रुळलेले मराठी नाव नाही, बोलण्यात ‘सॅडल बॅग’, ‘टेल बॅग’, ‘डबा’ असेच शब्द येतात. तथापि जनावराच्या पाठीवर दोन्ही अंगांना सारखे वजन लोंबत ठेवण्याची कल्पना जुनी आहे आणि तिच्यासाठी पडशी, खुर्जी व गोणी असे तीन शब्द मराठीत होते. पडशी ही मुख्यतः पायी प्रवाशाने खांद्यावर टाकायची दुतोंडी पिशवी होय. खुर्जी घोड्याच्या खोगिरावर पडे. हा शब्द अरबी ‘खुर्ज’ यापासून आला की फारसी ‘खुर्जीन’ यापासून, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. मराठीत दरबारी व लष्करी शब्द बहुतांशी फारसीच्या वाटेने आल्यामुळे दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो, मात्र त्याने मूळ अरबी असण्याची शक्यता नाहीशी होत नाही.

गोणीचा इतिहास याहून लांबचा आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.१.४२) धान्य भरण्याचे साधन, म्हणजे ‘आवपन’, या अर्थी ‘गोणी’ हे रूप सांगितले आहे, पाणिनीचा काळ सामान्यतः इ. स. पू. पाचवे ते चौथे शतक मानतात, त्यामुळे शब्द किमान तेवढा जुना ठरतो. कन्नडमध्येही तो ‘गोणि’ असाच असल्याने सीमाभागात तो कोणत्या भाषेने कोणाला दिला हा प्रश्न अधूनमधून निघतो. शब्दाचे अंतिम मूळ द्राविडी असणे अशक्य नाही; पण संस्कृतातील त्याचा उल्लेख इतका प्राचीन आहे की मराठीने तो अलीकडे कन्नडमधून घेतला, असे म्हणण्याची गरज राहत नाही. इंग्रजीतील ‘गनी’ हा शब्द मात्र याच भारतीय शब्दावरून गेला, हे सर्वमान्य आहे. उलट इंग्रजीत दुचाकीच्या बाजूच्या पेटीला ‘पॅनिअर’ म्हणतात, तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील भाकरीच्या टोपलीचे नाव आहे.

पूर्वपीठिका : वेंगुर्ले बंदर आणि बेळगाव यांना जोडणारा रामघाट हा जुना व्यापारी मार्ग होता. गाडीरस्ते होण्यापूर्वी अशा घाटवाटांवर मीठ व धान्य बैलांच्या पाठीवर गोण्या लादून नेत, आणि या वाहतुकीत लमाणांचा मोठा वाटा होता. गाडीरस्ते व पुढे आगगाडी आल्यावर ती मागे पडली. मोटारसायकलीला पिशव्या केव्हा लागल्या याचे एकच वर्ष देता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाड्यांवर कातडी किंवा कॅनव्हासच्या पिशव्या होत्या. काढता-घालता येणाऱ्या कठीण पेट्या युरोपात सु. १९७० नंतर प्रचारात आल्या. कॅरिअरशिवाय थेट आसनावरून टाकायची, घोड्याच्या नालेच्या आकाराची मऊ पिशवी त्याहून बरीच अलीकडची असून तिची रचना खुर्जीच्या सर्वांत जवळची आहे.

भाराचे गणित : पिशवीची निवड पुष्कळदा ती किती लिटरची आहे यावरून केली जाते, परंतु गाडीच्या वागण्यावर परिणाम होतो तो वजनाच्या जागेचा. मागील चाकाच्या आसाच्या मागे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते. दोन चाकांतील अंतर १३५ सेंमी. असलेल्या गाडीवर २० किग्रॅ.चे ओझे मागील आसाच्या ३० सेंमी. मागे बांधले, तर पुढच्या चाकावरील भार सु. ४·४ किग्रॅ.ने कमी होतो आणि मागच्या चाकावर सु. २४·४ किग्रॅ.ची भर पडते. पुढचे चाक असे हलके झाले की वेगात हँडल थरथरते, आणि बेळगाव-गोवा रस्त्यावरील चोर्ला घाटासारख्या चढावर, वळणात खडी लागली तर, गाडी वळणाबाहेर सरकू पाहते. तेच ओझे दोन भागांत आसनाच्या दोन्ही अंगांना, मांडीच्या लगेच मागे आणि शक्य तितके खाली आले तर हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून पाणी, स्टोव्ह व हत्यारे खाली आणि पुढे, तर तंबू व वळकटी वर आणि मागे, अशी मांडणी करतात. दोन्ही बाजूंच्या वजनातील फरक हातात उचलून जाणवणार नाही इतका ठेवावा. कावड घेणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

मऊ व कठीण : ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट यांचेच वजन सर्वसाधारणपणे १५ किग्रॅ.च्या आसपास भरते, म्हणजे वाहायच्या सामानाइतके. मऊ पिशव्यांची जोडी ३ ते ५ किग्रॅ.त येते. पेटीला कुलूप लागते, ती वेगळी ठेवता येते व तिच्यावर बसताही येते, हे तिचे गुण निःसंशय आहेत. परंतु खराब वाटेवर पाय टेकवावा लागला तर तिचा कोपरा पोटरीवर येतो आणि गाडी आडवी झाल्यास पाय तिच्याखाली सापडण्याचा धोका असतो. रुंदीचाही प्रश्न आहे. गळीत हंगामात, सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे, जिल्ह्यातील अरुंद रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या बाजूला वाढे (उसाचे शेंडे) लोंबत ठेवून चालतात. तेथे सामान हँडलपेक्षा रुंद असू नये, हा नियम सोयीपेक्षा सुरक्षिततेचा आहे. १५० ते २०० सीसीच्या गाडीवरील हलक्या प्रवासासाठी, या सर्व कारणांनी, एकूण ४० ते ५० लिटरच्या मऊ पिशव्या पुरेशा मानाव्यात.

कापड व पाणी : कापडाची जाडी डेनियर या मापात सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. तेव्हा १,००० डेनियरचा नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो. मात्र हे माप कापडाच्या झिजेविषयी थोडेफार सांगते, पाण्याविषयी काहीही सांगत नाही. पाणी अडते ते लेपाने आणि शिवणीच्या पद्धतीने. नायलॉनला आतून दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ लेप दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन सुटू लागतो, आणि सुईने शिवलेल्या प्रत्येक छिद्रातून पाणी झिरपते. पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिएस्टर, म्हणजे मालट्रकच्या ताडपत्रीच्या जातीचे कापड, उष्णतेने जोडता येते; जड असले तरी ते टिकते. तोंड चेनऐवजी गुंडाळून बंद करण्याच्या पिशवीत किमान तीन वळसे द्यावे लागतात, त्यामुळे भरताना वरचा भाग रिकामा सोडणे आवश्यक असते; दुकानात सांगितलेली लिटरसंख्या बहुधा हा भाग धरून असते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी, कणकुंबी व चोर्ल्याच्या बाजूस, जून ते सप्टेंबर अतिशय पाऊस असतो. मलप्रभेचा उगम कणकुंबीला आहे. येथे वरून घालायचे पावसाळी आवरण फारसे उपयोगी पडत नाही, कारण मागच्या चाकाने उडवलेले पाणी खालून आत येऊन आवरणाच्या खोलगट भागातच साठते. पिशवीच्या आत जाड प्लॅस्टिकचे अस्तर घालणे हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. शेतकरी खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतात, तेच पोते येथे अस्तर होते. पावसाळा सरला की त्याच भागातील जांभ्याची तांबडी धूळ चेनच्या दातांत बसून ती अडकवते. पूर्वेकडील सौंदत्ती, गोकाक व अथणीच्या काळ्या जमिनीत धुळीपेक्षा चिखलाची अडचण मोठी असून तो पिशवी व मडगार्ड यांच्यामधील फटीत साचतो. तेवढी फट मोठी ठेवावी.

बांधणी : आसनाखालून जाणारे, बकलाने आवळायचे न ताणणारे पट्टे सर्वांत विश्वसनीय होत. हुकाची रबरी दोरी ताणातून सुटल्यास डोळ्याला इजा करते व खड्ड्यांत सैल पडते. जुनी ट्यूब कापून केलेल्या पट्ट्या मात्र रस्त्यावरच्या दुरुस्तीत चांगल्या ठरतात. पट्ट्याचे मोकळे टोक साखळीकडे जाणार नाही, हे पाहावे. सायलेन्सर बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूला असल्याने त्या अंगाची पिशवी वितळू शकते. तेथे पत्र्याची ढाल लागते. डाव्या अंगाला केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागील चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारी जाळी असते, जिला लोक साडीगार्ड म्हणतात. हौशी स्वार ती अनेकदा काढून टाकतात. मऊ पिशवी चाकात जाण्यापासून वाचवणारी हीच वस्तू असल्याने ती ठेवणे बरे. उजव्या बाजूला तशीच सळई लावून घेता येते. बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडी कामाच्या कार्यशाळा पुष्कळ आहेत, आणि दूधवाल्यांच्या कॅनसाठी करतात तशी दुबाजूची चौकट थोड्या फरकाने पिशव्यांनाही चालते. त्याच नियमात आसनामागील हलक्या पेटीसाठी लांबी ५५०, रुंदी ५१० व उंची ५०० मिमी. अशी मर्यादा आहे.

मुक्कामाची जागा : खानापूर तालुक्यातील भीमगड हे अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. अन्यत्र खाजगी शेतात मालकाला विचारून मुक्काम करतात. अशा ठिकाणी खाद्यपदार्थांची पिशवी गाडीवर रात्रभर ठेवल्यास माकडे व कुत्री ती फाडतात, म्हणून एका क्षणात सुटणारी एक छोटी पिशवी, सु. १० लिटरची, वेगळी ठेवतात.