रविवारची शर्यत: आमच्या नव्या-जुन्या ग्राहकांसाठी

ऑक्टोबरात शेडमधले विंडसर्फिंगचे, म्हणजे शीड लावून वाऱ्यावर चालवायचे, बोर्ड बाहेर काढले की शिकायला येणारे पहिल्या आठवड्यातच विचारतात, "शर्यतीत उतरायला किती वर्षं लागतील?" तुम्हाला पाण्यात पडलेलं शीड उचलता येत असेल, शंभरेक मीटर जाऊन वळता येत असेल आणि निघालात तिथेच परत येता येत असेल, तर येत्या रविवारी या. वर्षं वगैरे लागत नाहीत. बऱ्याच जणांना एवढं चार-पाच सत्रांत जमतं.

हे पत्रक त्यांच्यासाठीच आहे. गोव्यात करंजाळे ते दोनापावला या किनाऱ्याच्या पट्ट्यात आम्ही बोर्ड भाड्याने देतो आणि शिकवतो. शिकून गेलेले लोक रविवारी पुन्हा यायला लागले, त्यातून क्लब उभा राहिला. क्लबाला इमारत नाही. माडाखाली एक फळा आहे, त्यावर नावं आणि गुण लिहिले जातात. बँकेत काम करणाऱ्या ताई, शाळेतली पोरं, निवृत्त सर, सुट्टीला पुण्याहून येणारं एक जोडपं, सगळे त्या एका फळ्यावर असतात.

शर्यतीचा आग्रह आम्ही का धरतो, ते आधी सांगतो. एकटा माणूस पाण्यावर गेला की जे जमतं तेच करत राहतो. सोप्या दिशेने जातो, सोप्या जागी वळतो, वारा थोडा वाढला की किनाऱ्याला येतो. शर्यतीत बोया, म्हणजे वळायची तरंगती खूण, जिथे टाकलेला असेल तिथे जावंच लागतं, मग तो वाऱ्याच्या तोंडावर का असेना. पुढच्याने शीड किती आत ओढलं, पाय कुठे ठेवले, हे दहा हातांवरून दिसतं. महिनाभर रविवारी उतरलेला माणूस आणि तेवढाच काळ एकट्याने सराव केलेला माणूस, यांतला फरक आम्ही दर वर्षी डोळ्यांनी बघतो.

वारा कधी, कुठून

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेले आठवतात ना? आमचा सगळा धंदा त्या एका धड्यावर चालतो. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत शिरते. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई.

ऑक्टोबर ते जानेवारी हे दोन्ही वारे एकाच दिवशी भेटतात. सकाळी पूर्वेकडून मतलई, दहा-अकराच्या सुमाराला वारा पडतो, पाणी तेलासारखं होतं, आणि जेवणानंतर पश्चिम-वायव्येकडून खारा वारा येतो. फेब्रुवारीपासून पुढे उन्हं तापतात तसा दुपारचा वारा भरवशाचा होतो. चांगल्या दिवशी १० ते १४ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे १० नॉटचा वारा ताशी साडेअठरा किलोमीटरचा. यंत्र नसलं तरी ओळखता येतं: लाटांच्या माथ्यावर इथे-तिथे पांढरा फेस फुटायला लागला की १० नॉटच्या आसपास आलाच समजा.

शर्यत आम्ही दुपारीच ठेवतो, आणि कितीही विनवण्या झाल्या तरी सकाळी ठेवत नाही. दुपारचा वारा किनाऱ्याकडे येणारा असतो. दमलात, दोरी तुटली, काहीही झालं तरी तो तुम्हाला वाळूकडेच आणून सोडतो. मतलईचं तसं नाही. तो किनाऱ्याजवळ माडांच्या आडोशाने अगदी मंद लागतो, पाणी सपाट दिसतं, आणि दोनशे मीटर बाहेर गेलं की त्याचा खरा जोर कळतो.

पहिल्या वर्षी डिसेंबरातल्या एका सकाळी मी असाच बाहेर गेलो होतो. सोबत कुणी नव्हतं, किनाऱ्यावर कुणाला सांगितलंही नव्हतं. परत वळायला गेलो तर ओहोटी लागलेली, मांडवी नदीचं पाणी बाहेर ओढत होतं आणि वाराही त्याच दिशेला. तासभर शीड उचलत होतो आणि पडत होतो, किनारा लांबच जात होता. जाळं टाकून परतणाऱ्या होडीतल्या रापणकारांनी मला बघितलं, बोर्ड होडीला बांधला आणि ओढत आणलं. किनाऱ्याला लागल्यावर त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी एवढंच विचारलं, "घरी सांगून आलेलास?" तेव्हापासून आमच्याकडे नाव आणि वेळ वहीत लिहिल्याशिवाय एकही बोर्ड पाण्यात जात नाही.

शर्यतीचा दिवस

अडीचला जमायचं. शीड बांधायला वेळ लागतो आणि घाईत बांधलेलं शीड दिवसभर त्रास देतं. डोलकाठी शिडाच्या बाहीत सरकवायची, खालची दोरी कप्पीतून घेऊन पाय लावून ताणायची, मग बूम, म्हणजे हाताने धरायचा आडवा दांडा, लावायचा. नवीन माणूस खालची दोरी नेहमी कमी ताणतो, कारण शीड गुळगुळीत दिसलं की झालं असं त्याला वाटतं. खरं तर वरच्या टोकाला मागची कड थोडी सैल, लोंबल्यासारखी दिसली पाहिजे. झुळूक आली की तिथून जादा वारा निसटतो. ती कड ताठ राहिली तर प्रत्येक झुळूक तुमच्या खांद्यात येते. बांधून झालं की आम्हाला हाक मारा, बघितल्याशिवाय जाऊ नका.

सव्वातीनला फळ्याजवळ बैठक. वारा, भरती-ओहोटीची वेळ, बोये कुठे टाकलेत, हे सांगतो. बहुतेक वेळा दोनच बोये असतात: एक वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, आणि एक खाली, वारा जातो त्या बाजूला. सुरुवातीची रेषा म्हणजे आमची होडी आणि तिच्यासमोरचा नारिंगी बोया यांमधली काल्पनिक दोरी. पाच मिनिटं बाकी असताना झेंडा चढतो आणि शिट्टी. चार मिनिटांना दुसरा झेंडा. एक मिनिट उरलं की दुसरा उतरतो. शून्याला पहिलाही उतरला की सुटायचं. जगभर साधारण याच पद्धतीने सुरुवात होते, म्हणून आम्हीही तीच ठेवली. उद्या कुठे बाहेर गेलात तर बावरणार नाही. रेषा आधी ओलांडली असेल तर आम्ही नाव घेऊन ओरडतो, मागे येऊन पुन्हा ओलांडायची.

वरच्या बोयाकडे सरळ जाता येत नाही, हे पहिल्यांदा उतरणाऱ्याला खरं वाटत नाही. कुठलंही शीड वाऱ्याच्या नेमक्या तोंडावर चालत नाही. साधारण ४५ अंश बाजूला धरून, मग वळून दुसऱ्या बाजूला, असं नागमोडी चढावं लागतं. किती वेळा वळायचं हे तुमच्यावर. प्रत्येक वळणाला वेग जातो, म्हणून नवख्यांनी दोन-तीनच मोठी वळणं घ्यावीत. आणि बोया समोर दिसला म्हणून लगेच वळू नका. थोडं पुढे जाऊन वळा. आधी वळलेला माणूस बोयाच्या खाली येतो आणि मग त्याला आणखी दोन वळणं घ्यावी लागतात. दर रविवारी निम्मे लोक इथेच जागा गमावतात.

वाट कुणाची

दोन बोर्ड समोरासमोर आले तर आधी हात बघा. ज्याचा उजवा हात डोलकाठीच्या जवळ आहे, वाट त्याची. डावा हात जवळ असलेल्याने बाजूला व्हायचं. दोघांचा तोच हात पुढे असेल तर वाऱ्याच्या बाजूचा जो, त्याने खालच्याला जागा द्यायची. मागून येणाऱ्याने पुढच्याला चुकवायचं. एवढे तीन नियम तोंडपाठ झाले की पहिल्या हंगामाला पुरतात.

चूक झाली तर लगेच बाजूला होऊन बोर्डासकट एक पूर्ण गिरकी घ्यायची, शिक्षा संपली. वाद पाण्यावर घालायचा नाही. बोयाला बोर्ड घासला तर चालेल, बोया हाताने धरून ठेवायचा नाही. वारा पडला तर शीड हलवून हवा मारत पुढे सरकायला हरकत नाही. आंतरराष्ट्रीय नियमही विंडसर्फरला तेवढी सूट देतात. हाताने वल्हवत किंवा पोहत पुढे जाणं मात्र नाही.

महिन्याचा शेवटचा रविवार

या रविवारी साधी शर्यत नसते, पाठलागाची असते. आम्हाला हीच सगळ्यांत जवळची वाटते. सगळ्यांत नवखा आणि सगळ्यांत लहान शिडाचा माणूस पहिला सुटतो. दोन-तीन मिनिटांनी पुढचा गट, असं करत सर्वांत तयार मंडळी शेवटी सुटतात. चाळीस मिनिटांनी लांब शिट्टी होते आणि त्या क्षणी जो पुढे, तो पहिला. मागच्या हंगामात एका सातवीतल्या मुलीने ३ चौरस मीटरच्या शिडावर शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी टिकवली होती. शिट्टी झाली तेव्हा मागचा बोर्ड तिच्यापासून दोन हातांवर होता आणि तिने मागे वळून बघितलंही नव्हतं. किनाऱ्यावर आल्यावर तिचे हात इतके थरथरत होते की पाण्याची बाटली आम्हाला धरावी लागली. दुसऱ्या दिवशी ती सरावाला हजर.

गुण मोजायची पद्धत सोपी आहे. पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो वर. शर्यत अर्धवट सोडली तर नोंद झालेल्या माणसांपेक्षा एक जास्त: बाराजण उतरले असतील तर १३. चारहून जास्त शर्यती झाल्या की प्रत्येकाची एक सर्वांत वाईट शर्यत वगळतो. म्हणून एखादा दिवस बिनसला तरी पुढच्या रविवारी यायचं थांबवू नका.

समुद्र आपल्या एकट्याचा नाही

या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ टाकते आणि दोन्ही टोकं वाळूवरून माणसं ओढतात. जाळं पाण्यात असताना त्या पट्ट्यात एकही बोर्ड जाणार नाही, शर्यत चालू असली तरी. तासभर थांबावं लागलं तर थांबतो. हातभार लावायचा असेल तर खुशाल दोरीला हात लावा, पण आधी विचारा.

मांडवीच्या मुखाशी जहाजांची वाट आहे, तिकडे जायचं नाही. दोनापावल्याच्या खडकांवर कालवं आहेत, अनवाणी पाय चिरतात. रबरी बूट हवेतच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, ओहोटीला वाळूचे दांडे वर येतात आणि बोर्डाखालचा फिन वाळूत रुतला की तुम्ही थेट शिडावरून पुढे पडता. त्या दिवशी वेळ बदललेली असेल, फळा बघा.

जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात जायचं नाही, पोहता येत असलं तरी. काहीही झालं तरी बोर्ड सोडू नका. बोर्ड बुडत नाही. त्यावर बसून राहिलेला माणूस होडीतून लगेच दिसतो, पोहणाऱ्याचं नुसतं डोकं लाटांत दिसत नाही. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूला पसरून वर-खाली, वर-खाली करा. वारा १८ नॉटच्या वर गेला की नवख्यांची शर्यत बंद, त्यावर चर्चा नाही.

मुलांसाठी

आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना आम्ही घेतो, पंचवीस मीटर पोहता आलं पाहिजे. खेळात पुढे जायचं असेल तर वाट आहे. पुरुषांचं विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून आहे, महिलांचं १९९२ पासून, आणि २०२४ च्या पॅरिसला पाण्यावरून वर उचलला जाणारा फॉइलचा बोर्ड आला. हांगझोऊच्या आशियाई खेळांत सप्टेंबर २०२३ मध्ये इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. गोव्याची कात्या कोएल्हो आणि तिचा भाऊ डेन देशासाठी खेळले आहेत. पालकांनी मात्र पहिल्या वर्षी पदकाचं विचारू नये. मूल ओल्या कपड्यांत, भुकेलेलं आणि हसत परत येतंय का, ते बघावं.

येताना

शर्यतीची वेगळी फी नाही, बोर्डाचं तासाचं भाडं तेवढं. स्वतःचा बोर्ड असेल तर तेही नाही. पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट, दोरी लावलेली टोपी, पाण्याची बाटली आणि सुका कपडा आणा. अंगठ्या, साखळ्या घरी ठेवा. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, पण शेड उघडी असते: शनिवारी शिडं शिवतो, फिन घासतो, नियमांचा वर्ग घेतो, चहा आमच्याकडून.

प्रत्येक शर्यतीला होडीवर दोन आणि किनाऱ्यावर एक माणूस लागतो. हे काम पाळीने सगळ्यांकडे येतं, जिंकणाऱ्यांकडेही. पाण्यात उतरायचं नसेल तर नुसतं घड्याळ घेऊन होडीवर बसायला या. पुढच्या रविवारी वेळ लिहायला अजून कुणी मिळालेलं नाही.